वांगं, मिरची, तंबाखू: हरितलवकाच्या जनुकसंचाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात वनस्पतिशास्त्र शिकवताना वर्गात, शिवारफेरीत आणि कधी कधी मंडईत भाजी निवडतानाही जे प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधीच एक सांगून ठेवते. हरितलवक म्हणजे पानाच्या पेशीतला प्रकाशसंश्लेषण करणारा हिरवा कण, आणि जनुकसंच म्हणजे त्यातला सगळा डीएनए. वांग्या-मिरचीच्या कुळातल्या झाडांचे हरितलवकाचे जनुकसंच एकमेकांशी इतके जुळतात की पहिल्यांदा बघणारा हिरमुसतो. मला त्या जुळण्याचंच अप्रूप आहे. सगळं सारखं असतं म्हणूनच डीएनएचं एखादं अक्षर जागचं हललं की लगेच डोळ्यात भरतं, आणि ते का हललं याचा माग काढता येतो.

हे कुळ म्हणजे नेमकी कोणकोणती झाडं?

शास्त्रीय नाव सोलॅनेसी. कपिलतीर्थ मंडईतून आणलेली पिशवी ओतली तर वांगी, टोमॅटो, बटाटे, हिरवी मिरची, ढबू मिरची हे सगळे एकाच कुळातले निघतात. दारातली रातराणी, कुंडीतला पेटुनिया, उकिरड्यावरचा धोतरा, बांधावरची भुईरिंगणी, उसातली कामोणी, औषधातली अश्वगंधा आणि कागल-निपाणीकडची तंबाखू हीसुद्धा त्यांचीच भावंडं. यातलं वांगं आपल्या बाजूचं, आशियातलं. मिरची, टोमॅटो, बटाटा, तंबाखू हे चौघेही अमेरिका खंडातून आलेले. तांबड्या रश्श्याचं हे सांगितलं की वर्गात दरवेळी गलका होतो.

हरितलवकाला स्वतःचा वेगळा जनुकसंच कशासाठी?

कारण एके काळी तो स्वतंत्र जीव होता. शंभर कोटी वर्षांहूनही आधी एका पेशीने प्रकाशसंश्लेषण करणारा नीलहरित जिवाणू आत घेतला, तो पचला नाही आणि तिथेच नांदू लागला. आजच्या नीलहरित जिवाणूंत तीन हजारांच्या आसपास जनुकं सापडतात. हरितलवकात उरली आहेत शंभराच्या थोडी वर. बाकीची काही नाहीशी झाली, बरीचशी केंद्रकात जाऊन बसली.

त्यामुळे आज कारभार वाटून चालतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे प्रथिन घ्या. त्याच्या मोठ्या घटकाचं जनुक, आरबीसीएल, हरितलवकात आहे आणि लहान घटकाची जनुकं केंद्रकात. दोन्हीकडचे भाग वेळेवर येऊन जुळले तरच पान काम करतं. ही वाटणी लक्षात ठेवा, पुढे एका प्रश्नात ती कामाला येणार आहे.

तो दिसतो कसा आणि केवढा असतो?

सहसा वर्तुळाच्या रूपात काढतात. या कुळात त्याची लांबी साधारण दीड लाख अक्षरांच्या पुढे असते. अक्षर म्हणजे डीएनएच्या शिडीची एक पायरी, एक बेसजोडी. वर्तुळाचे चार भाग पडतात: एक मोठा एकेरी भाग, एक लहान एकेरी भाग, आणि त्या दोघांना वेगळं ठेवणारे, एकमेकांची उलटी नक्कल असलेले दोन सारखे तुकडे. तंबाखूत मोठा भाग सुमारे ८६,७०० अक्षरांचा, लहान सुमारे १८,६०० चा आणि प्रत्येक उलटी नक्कल सुमारे २५,३०० ची.

तंबाखूचं नाव आधी घेतलं, कारण इतिहासात तिचा मान पहिला आहे. १९८६ साली जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या गटाने तंबाखूच्या हरितलवकाचा संपूर्ण क्रम, म्हणजे ओळीने सगळी अक्षरं, वाचला. त्याच वर्षी जपानमध्येच दुसऱ्या गटाने मार्केंशिया या शेवाळवर्गीय वनस्पतीचाही वाचला. हे दोन पहिले. तेव्हा हे काम किती किचकट होतं, हे आजच्या यंत्रांवर शिकणाऱ्या पोरांना सांगूनही पटत नाही. त्यानंतर सोलॅनेसीतला कुठलाही नवा क्रम आला की त्याची पहिली तुलना तंबाखूशी होते.

मग या झाडांमध्ये फरक तरी किती?

आकडेच बघा. सुधारित क्रमानुसार तंबाखू १,५५,९४३ अक्षरं, टोमॅटो १,५५,४६१, बेलाडोना (याच कुळातली एक विषारी वनस्पती) १,५६,६८७, मिरची १,५६,७८१. बटाटा १,५५,३०० च्या आसपास आणि वांगं १,५४,००० च्या थोडं पुढे. म्हणजे या यादीतल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या क्रमात अंतर अडीच हजार अक्षरांच्या आसपास आहे, दीड लाखात.

याउलट केंद्रक बघा. टोमॅटोचा केंद्रकातला जनुकसंच सुमारे ९० कोटी अक्षरांचा आणि मिरचीचा जवळपास ३५० कोटींचा, म्हणजे चौपटीच्या घरात. तीच दोन झाडं, तेच नातं, पण केंद्रकाने एवढा विस्तार केला आणि हरितलवकाने फार तर चार-दोन ओळी इकडेतिकडे केल्या.

जनुकं कोणती आणि कोणत्या क्रमाने बसली आहेत, हेही या झाडांत सारखंच निघतं. प्रथिनांची ८० च्या आसपास, आणि प्रथिनं बनवायला मदत करणाऱ्या रेणूंपैकी टी-आरएनएची ३० व आर-आरएनएची ४. इतकंच काय, मोडलेलं जनुकसुद्धा त्याच जागी मोडलेलं सापडतं. इन्फ-ए नावाचं जनुक तंबाखूत निकामी अवस्थेत आहे आणि तिच्या भावंडांतही त्याचे नुसते अवशेष दिसतात. सामाईक पूर्वजाचा पुरावा म्हणून वर्गात मी हेच उदाहरण देते. चांगल्या गोष्टी गरजेपोटीही सारख्या असू शकतात. मोडलेली वस्तू पिढ्यान् पिढ्या घरात असणं हे एका घरचं असल्याचं लक्षण.

फरक सापडतात ते दोन जनुकांच्या मधल्या मोकळ्या जागांत, एकाच अक्षराच्या लांब रांगांत (ए ए ए ए असं दहा वेळा की बारा वेळा) आणि वायसीएफ-१ सारख्या थोड्या जनुकांत. उलट्या नक्कलांच्या सीमाही थोड्या सरकतात. एक सीमा आरपीएस-१९ या जनुकाजवळ पडते, दुसरी वायसीएफ-१ च्या पोटातून जाते. नक्कलांच्या आतला भाग मात्र सगळ्यांत कमी बदलतो.

मिरचीचा तिखटपणा यात सापडेल का?

नाही. तिखटपणाचा कारभार केंद्रकाकडे आहे. पन-१ हे त्यातलं महत्त्वाचं जनुक, ते मिरचीच्या दुसऱ्या गुणसूत्रावर बसतं.

संकेश्वरी आणि ब्याडगी मिरचीतला फरक हरितलवकावरून ओळखता येईल का?

गडहिंग्लजच्या मिरची बाजारात वावरणाऱ्या एका गृहस्थांनी हे अगदी कळकळीने विचारलं होतं, कारण एकाच्या नावावर दुसरी खपवली जाते ही त्यांची रोजची डोकेदुखी. दोन्ही एकाच जातीच्या, कॅप्सिकम ॲन्युअमच्या. एका जातीच्या आत हरितलवकात फार थोडे बदल असतात, आणि दोन वाणांचं मूळ एकाच आईकडे जात असेल तर एकही सापडणार नाही. या कामाला केंद्रकातल्या खुणा वापरायला हव्यात. हरितलवक जात आणि तिच्या वरच्या पातळीवरची नाती सांगण्यात वाकबगार आहे. वाण सांगण्यात त्याच्यावर विसंबू नये.

हरितलवक आईकडूनच येतो म्हणतात, त्याचा उपयोग काय?

या कुळात सर्वसाधारणपणे परागकणातून हरितलवक पुढच्या पिढीत जात नाही, बीजांडाकडूनच येतो. म्हणजे हा जनुकसंच वाचणं म्हणजे झाडाचं आजोळ शोधणं. आईची आई, तिची आई, अशी सरळ एकच ओळ.

तंबाखूचंच उदाहरण घ्या. आपण पिकवतो ती तंबाखू दोन रानटी जातींच्या संकरातून झाली, निकोटियाना सिल्व्हेस्ट्रिस आणि निकोटियाना टोमेंटोसिफॉर्मिस. केंद्रकात दोघांचाही वाटा आहे. त्यात आई कोण? सिल्व्हेस्ट्रिसचा हरितलवकाचा क्रम आला तेव्हा तो तंबाखूशी जवळपास अक्षराला अक्षर जुळला. आई सिल्व्हेस्ट्रिस.

दुसरं उदाहरण बटाट्याचं, आणि ते माझं फार आवडतं आहे. युरोपात गेलेला बटाटा अँडीज पर्वतातला की चिलीच्या सखल किनाऱ्यावरचा, यावर अनेक वर्षं वाद चालला होता. चिलीकडच्या बटाट्याच्या हरितलवकात एका ठिकाणी २४१ अक्षरं सलग गायब आहेत. अँडीजच्या बटाट्यांत ती सहसा असतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कामात संशोधकांनी जुन्या संग्रहांत कागदावर वाळवून चिकटवलेल्या बटाट्याच्या पानांतून डीएनए काढला आणि एवढी एकच जागा तपासली. अठराव्या शतकात युरोपात अँडीजचा बटाटा होता, चिलीचा १८११ पर्यंत येऊन पोचला होता, आणि अँडीजचा १८९२ पर्यंत टिकून होता. १८४५ च्या करप्याच्या साथीने जुना बटाटा संपला आणि मग नवा आणला, ही रूढ कथा त्यामुळे मागे पडली. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या पानातून हे जमलं, कारण पानाच्या एका पेशीत हरितलवकाच्या जनुकसंचाच्या हजारो प्रती असतात आणि केंद्रकाच्या मोजक्या. वाळून तुकडे झाले तरी काही प्रती वाचतातच.

तोटाही इथेच आहे. बापाची बाजू यात दिसत नाही. दोन जातींचा कधी काळी संकर झालेला असेल तर हरितलवकाचा वंशवृक्ष एक सांगतो आणि केंद्रकाचा दुसरंच. म्हणून एकट्या हरितलवकावर संकराचा निकाल देऊ नये.

जुन्या पुस्तकात टोमॅटोचं नाव ‘लायकोपर्सिकॉन’ आहे, नव्यात ‘सोलॅनम’. बरोबर कोणतं?

सोलॅनम लायकोपर्सिकम. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये टोमॅटोला सोलॅनममध्येच ठेवलं होतं. पुढच्याच वर्षी मिलर या इंग्रज वनस्पतितज्ज्ञाने त्याची वेगळी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) केली आणि तेच नाव अनेक पिढ्यांनी घोकलं. १९९३ मध्ये हरितलवकाच्या डीएनएच्या तुलनेतून पुन्हा स्पष्ट झालं की टोमॅटो बटाट्याच्या अगदी जवळचा आहे, सोलॅनमच्या आतलाच. वांगं त्याच प्रजातीतलं पण काटेरी शाखेचं, म्हणून जरा लांबचं. मिरची त्याहून लांब. परीक्षेत विद्यार्थ्याने जुनं नाव लिहिलं तर मी गुण कापत नाही, पण शेजारी नवं लिहून देते.

“मॅडम, उसातली कामोणी औषधाला ऐकंना झालीय. तिच्यात काय बदल झालाय का?”

शिरोळकडच्या एका शेतकऱ्याने विचारलेला हा प्रश्न त्यांच्या शब्दांत ठेवला आहे, कारण यापेक्षा चांगला प्रश्न मला या विषयावर कुणी विचारलेला नाही.

उसात आणि मक्यात ॲट्राझिन हे तणनाशक सर्रास वापरतात. ते हरितलवकातल्या डी-१ या प्रथिनावर जाऊन बसतं, प्रकाशसंश्लेषणातला इलेक्ट्रॉनचा प्रवास तिथेच अडतो आणि रोप मरतं. डी-१ चं जनुक, पीएसबीए, हरितलवकातच आहे. १९८४ साली संशोधकांनी ॲट्राझिनने मरणाऱ्या आणि न मरणाऱ्या कामोणीचं हे जनुक शेजारीशेजारी ठेवून वाचलं. सगळं सारखं, फरक एका जागी. प्रथिनाच्या साखळीतल्या २६४ व्या दुव्यासाठी, म्हणजे अमिनो आम्लासाठी, ‘एजीटी’ लिहिलेलं असायला हवं तिथे ‘जीजीटी’ होतं. एका अक्षराने सेरीनच्या जागी ग्लायसीन आलं, औषधाला बसायला जागा उरली नाही आणि रोप तगलं. हा गुण परागातून पसरत नाही. ज्या रोपात तो आहे त्याच्याच बियांतून पसरतो, पण त्या रोपाच्या सगळ्या बियांत उतरतो. एकच झाड बी धरून राहिलं तर पुढच्या वर्षी वाफाभर तसलीच उगवतात. त्याची किंमतही झाडाला मोजावी लागते: औषध नसेल तेव्हा अशी रोपं सहसा नेहमीच्या रोपांपेक्षा मंद वाढतात.

आता तुमच्या रानातल्या कामोणीत हाच बदल आहे का? लगेच तसं समजू नका. ॲट्राझिन मुख्यतः तण उगवण्याआधी किंवा नुकतं उगवताना मारायचं असतं. तण मोठं झालं असेल, जमिनीत ओल नसेल, मात्रा किंवा नोझल चुकलं असेल, तरी औषध लागू पडत नाही. आधी ते तपासा. सगळं नीट करूनही आजूबाजूचं बाकी तण मेलं आणि कामोणी तेवढी एका पट्ट्यात हिरवीगार उभी राहिली, तर मग शंका घ्यायला जागा आहे. ती झाडं फळ धरायच्या आत उपटा आणि पुढच्या खेपेला वेगळ्या पद्धतीने काम करणारं औषध सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारून घ्या.

दोन झाडांचे हरितलवक इतके सारखे आहेत तर अदलाबदल केली तरी चालेल?

प्रयोगशाळेत पेशी जुळवून ही अदलाबदल करून पाहिली गेली. तंबाखूचं केंद्रक आणि बेलाडोनाचा हरितलवक असं रोप हिरवं राहिलं. उलट केलं, म्हणजे बेलाडोनाचं केंद्रक आणि तंबाखूचा हरितलवक, तर रोप पांढरं फटक निघालं.

कारण २००५ साली स्पष्ट झालं. हरितलवकात आरएनए, म्हणजे जनुकाची कामापुरती नक्कल, तयार झाल्यावर काही ठिकाणी त्यातलं ‘सी’ अक्षर बदलून ‘यू’ केलं जातं, आणि ही दुरुस्ती करणारी प्रथिनं केंद्रकाकडून येतात. एटीपीए जनुकात एका जागी तंबाखूला अशी दुरुस्ती लागते. बेलाडोनाच्या डीएनएत तिथे योग्य अक्षर आधीपासूनच आहे, त्यामुळे तिच्या केंद्रकाला ती दुरुस्ती करताच येत नाही. तंबाखूचा हरितलवक तिच्या पेशीत आला आणि ती एक चूक तशीच राहिली. जनुकं सारखी, क्रम सारखा, आकार सारखा, तरी संसार जमला नाही. वर म्हटलेली कारभाराची वाटणी ती हीच. दोघं इतका काळ एकत्र राहिले आहेत की दुसऱ्याच्या चुका कुठे आहेत हे एकमेकांनाच ठाऊक असतं.

या फरकांवरून कुळाचं वय काढता येतं का?

अक्षरांच्या फरकाला घड्याळ समजून अंदाज बांधतात. पण ते घड्याळ जीवाश्मांवर लावून घ्यावं लागतं. २०१७ मध्ये अर्जेंटिनातल्या पॅटागोनियातून ५.२ कोटी वर्षांपूर्वीचं फळ प्रसिद्ध झालं, कागदी कंदिलासारखं आवरण असलेलं, आपल्या रानातल्या चिरबोटीच्या नात्यातलं. त्याआधीचे डीएनएवरचे अंदाज त्या गटाला बरंच तरुण धरत होते.

वाळलेल्या औषधी वनस्पतीची ओळख पटवायला हे वापरता येतं?

येतं. आरबीसीएल आणि मॅटके ही हरितलवकातली दोन जनुकं २००९ मध्ये वनस्पतींचा बारकोड, म्हणजे जात ओळखायची खूण, म्हणून सुचवली गेली. अश्वगंधा आणि धोतरा वेगळे करायला ती पुरेशी आहेत. सोलॅनममधल्या जवळच्या जातींना ती पुष्कळदा कमी पडतात, तेव्हा संपूर्ण जनुकसंच वाचलेला बरा.

पानापासून सुरुवात कशी करायची? आमच्या महाविद्यालयात मोठी यंत्रं नाहीत.

डीएनए काढण्यापर्यंतचं काम साध्या प्रयोगशाळेत होतं. क्रम वाचायला बाहेर पाठवावा लागतो.

वांग्याचं पान घेत असाल तर शेंड्याकडचं कोवळंच घ्या. वांग्याच्या पानावर चांदणीच्या आकाराची लव असते, धूळ त्यात घट्ट बसते, म्हणून आधी नीट धुवून टिपून घ्या. शक्य असेल तर रोप एक-दोन दिवस अंधारात ठेवा, म्हणजे पानातला स्टार्च कमी होतो. पहिल्या वर्षी मी घाईत खालची जून पानं घेतली. खलात कुटतानाच लगदा तपकिरी झाला, शेवटी हातात आला तो चहाच्या रंगाचा डीएनए, आणि पीसीआरमध्ये (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या पद्धतीत) त्याने काही म्हणजे काहीच दिलं नाही. वांगं चिरून ठेवल्यावर काळं पडतं ना, तोच प्रकार. आता मी पेशी फोडून डीएनए सोडवणाऱ्या सीटॅब द्रावणात तपकिरी करणारी द्रव्यं पकडणारं पीव्हीपी घालते, ते द्रावण ६५ अंशांवर आधीच तापवून ठेवते आणि कुटलेलं पान क्षणभरही उघडं ठेवत नाही. क्लोरोफॉर्मनंतर वरचा स्वच्छ थर अलगद उचलायचा, त्यात थंडगार आयसोप्रोपॅनॉल सोडायचं आणि नळी हळूहळू उलटीसुलटी करायची. पांढरे धागे एकमेकांत गुंततात. त्या वेळी वर्गात जी शांतता होते, तिच्यासाठी मी हे प्रात्यक्षिक दरवर्षी घेते.

हरितलवक वेगळे काढायची आता गरज पडत नाही. एकूण डीएनए वाचला तरी हरितलवकाच्या प्रतीच इतक्या असतात की थोड्या वाचनातही त्याचा क्रम पूर्ण होतो. गेटऑर्गनेल किंवा नोव्होप्लास्टी हे फुकट मिळणारे प्रोग्रॅम तो जुळवून देतात, जीसेक जनुकांची नावं लावून देतं.

घरी फक्त साधा लॅपटॉप आहे. तरी तुलना करता येईल?

नक्की. जेनबँक या डीएनए क्रमांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात तंबाखू, टोमॅटो, बटाटा, मिरची, बेलाडोना यांचे संपूर्ण क्रम खुले आहेत. शास्त्रीय नाव आणि ‘कम्प्लीट क्लोरोप्लास्ट’ एवढं शोधलं की मिळतात. दोनच घ्या, टोमॅटो आणि बटाटा. माफ्ट या प्रोग्रॅमने शेजारीशेजारी लावा आणि एमव्हिस्टावर आलेख काढा. त्यात उंची म्हणजे साम्य: जनुकांवर उंच सपाट पठार दिसेल, मोकळ्या जागांवर दऱ्या.

एका ठिकाणी नवखा माणूस हमखास फसतो. कधी कधी लहान एकेरी भागाचा सगळाच्या सगळा अठरा हजार अक्षरांचा तुकडा उलटा दिसतो आणि वाटतं की मोठा शोध लागला. माझ्या एका विद्यार्थिनीने रात्री अकराला त्यासाठी फोन केला होता. दोन उलट्या नक्कलांमुळे हा तुकडा एकाच रोपात दोन्ही दिशांनी सापडतो, आणि क्रम नोंदवणारा त्यातली कुठलीही एक दिशा लिहितो. तेव्हा तुलनेला बसण्याआधी दोन्ही फायलींत तो भाग एकाच दिशेला करून घ्या आणि सुरुवातही एकाच जागेपासून धरा. मग जे वेगळं उरेल ते बघायचं.